दांड्यावरचं वजन

“हूक हातानं उचलायचा न्हाई, त्रिशला. काटा आण.”

मामांचा तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मामा म्हणजे माझे सासरे, बाबगोंडा. आमच्या भागात सून सासऱ्याला मामाच म्हणते. आमच्या गुऱ्हाळापुढच्या अंगणात, ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या हुकाशी ते उकिडवे बसले होते आणि निम्मं गाव त्यांच्याभोवती उभं होतं. ट्रॉलीत देव होता.

टेकावरच्या बस्तीसाठी नवी मूर्ती आली होती. आम्ही जैन लोक इकडे मंदिराला बस्ती म्हणतो. आदिनाथांची उभी मूर्ती, काळ्या पाषाणाची, माणसापेक्षा बरीच उंच. मोठ्या रस्त्यावरच्या आमच्या गुऱ्हाळापर्यंत ती ट्रकनं आली. तिथून टेकावर जाणारा रस्ता अरुंद, अर्ध्यावर एक आवळ वळण. तिथं ट्रक वळत नसे आणि चारचाकी ट्रॉलीही वळत नसे. म्हणून आमची दोन चाकांची ट्रॉली आणि आमचा ट्रॅक्टर. चेन पुलीनं मूर्ती उतरवून गवताच्या गादीवर उताणी ठेवली होती, चेहऱ्यावर पांढरं वस्त्र होतं. डोकं ट्रॅक्टरच्या बाजूला, पाय मागे. पायांखालचं कमळ आणि पीठ त्याच दगडात कोरलेलं होतं.

मी रोज सकाळी दर्शनानंतर एक नेम घेते. कधी मीठ सोडायचं, कधी दिवसभर कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्या दिवशीचा माझा नेम होता, मूर्ती वर विराजमान होईपर्यंत अन्नपाणी नाही. गावातल्या बहुतेक बायकांनी तोच नेम धरला होता. त्या सकाळपासून कळशा आणि आरत्या घेऊन टेकावर बसल्या होत्या. सूर्य मावळला की आमच्यात पाणीही पीत नाहीत, त्यामुळे उशीर झाला असता तर सगळ्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहावं लागलं असतं. आणि दुपार तर कलायला लागली होती.

मी आणि माझा दीर धनपाल, दोघांनी गुळाच्या ढेपा तोलायचा लोखंडी काटा ओढत आणला.

“हे काय नवीन?” आण्णा पाटील म्हणाले. ते बस्तीचे पंच, गावात त्यांचा शब्द चाले. “बाबगोंडा, देवाला काय गुळाच्या बाजारात न्यायचाय व्हय?”

लोक हसले. मामा हसले नाहीत.

“देवाला कोण तोलतंय? दांड्यावर भार किती येतोय तेवढं बघतो.”

“अरे, हूक उचलून बघ की. जोडायला हलका लागला म्हणजे झालं.”

मामांनी काट्यावर एक लाकडी ठोकळा ठेवला, मग दुसरा. ट्रॅक्टरच्या मागची पट्टी, जिथं हा हूक बसतो, ती जमिनीपासून किती उंच आहे ते वितीनं मोजलं आणि ठोकळ्याची उंची तेवढीच केली. “ट्रॉली सपाट राहिली पायजे,” ते धनपालला म्हणाले. “दांडा खाली झुकवून तोललास तर काटा खोटं बोलंल.” मग चौघांनी दांडा धरून हळूच ठोकळ्यावर टेकवला. धनपाल काट्याची कडी सरकवत गेला, परत मागे आणत गेला.

“आप्पा, चाळीस किलोबी न्हाई,” तो बापाला म्हणाला.

“बघा,” आण्णा म्हणाले. “फुलासारखा हाय. जोड रं धनपाल.”

“जोडू नको,” मामा म्हणाले. “एवढ्या ओझ्याला अडीच क्विंटल तरी दांड्यावर यायला पायजे. दहा हिश्श्यातला एक हिस्सा. त्याहून कमी म्हंजे नको तेवढा भार चाकांच्या मागं. आत्ता सपाटीला हितं चाळीस दिसतंय. चढ लागला की ओझं आणखी मागं ओढणार, दांडा वर उठणार, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं उचलणार. मग कसला ब्रेक आणि कसलं काय.”

“आम्ही काय आयुष्यात गाड्या जुपल्या न्हाईत?”

“जुपल्यात की. बैलगाडी उलाळ झाली तर काय व्हायचं, आण्णा? जू वर उठायचं आणि बैलाच्या गळ्याला फास बसायचा. बैल मान टाकायचा, आपण उतरून ओझं पुढं घ्यायचो. ट्रॅक्टरला गळा न्हाई. तो काय बी सांगत न्हाई.”

कुणीतरी सुचवलं, पुढच्या बाजूला वाळूची पोती टाका. धनपालनं टायरांकडे बोट दाखवलं. ते आधीच पोटातून फुगले होते. दुसरा म्हणाला, मूर्ती हातभर पुढे सरकवा. पण मूर्ती ट्रॉलीच्या पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत पुरून उरली होती.

मामा उठले. गुडघ्यावरची माती झटकली.

“एकच उपाय हाय. फिरवायची. जड पीठ पुढं, डोकं मागं.”

वर टेकावर बायका भजन म्हणत होत्या ते तेवढं ऐकू येत होतं.

“काय बोलतोयस तुझं तुला कळतंय का?” आण्णांचा आवाज खाली आला होता. “पाय पुढं करून कुणाला नेतात, बाबगोंडा?”

ते कुणाला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे घरातून पाय पुढे करून एकदाच नेतात, शेवटचं.

सगळ्यांनी उपाध्यांकडे पाहिलं. उपाध्ये म्हणजे आमचे पूजा सांगणारे, सौम्य माणूस. ते म्हणाले, “प्रतिष्ठा होईपर्यंत तो पाषाण आहे. शास्त्राची हरकत नाही. पण लोकांच्या मनाला लागेल, हेही खरं.”

“लागंल काय, लागलंच,” आण्णा म्हणाले. “वर बायाबापड्या आरती घेऊन उभ्या राहतील आणि आपण देवाला तिरडीवर घातल्यासारखं आणणार? उद्या गावात कुणाचं काय बरंवाईट झालं तर तुझं नाव घेतील. न्हाई. आली तशी जाईल. णमोकार मंत्र म्हणायचा आणि निघायचं. धनपाल, हळू नेशील न्हवं?”

“हळू नेतो की,” धनपाल म्हणाला. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बायको, कांचन, वर बायकांत बसली होती. सगळ्या गावासमोर बाप काटा घेऊन बसल्याची त्याला लाज वाटत होती, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवर दिसत होतं. “आप्पा, तुम्ही उगं काळजी करताय.”

“शांतूबी हळूच नेत हुता,” मामा म्हणाले.

शांतिनाथ माझे यजमान. धनपालचा थोरला भाऊ. त्या दिवसाच्या सहा वर्षं आधी बस्तीच्या पायऱ्यांचे दगड वर नेताना त्याच वळणावर ट्रॅक्टर उलटून ते गेले होते.

“नाव काढू नको त्या पोराचं आज,” आण्णा जरा मऊ होऊन म्हणाले. “त्याला घाई नडली. धनपालचं तसं न्हाई, पोरगं थंड डोक्याचं हाय.”

लोक हात जोडून ट्रॉलीभोवती उभे राहिले. णमोकार सुरू झाला. मामा मात्र वळून गुऱ्हाळाच्या आत गेले, आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. मी मागोमाग गेले.

आत चुलाण थंड होतं. हंगाम संपला होता, मोठी काहील चुलाणावर पालथी घालून ठेवली होती. मामा तिच्या काठाशी टेकले.

“माझं कुणी ऐकंना. तू सांग त्यांना.”

“मी? मामा, मी कधी पुरुषांत बोलले आहे का?”

“तुझं ऐकतील. गावात कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. रोज नेम धरणारी बाई तू.”

“तुम्ही त्याचे वडील आहात. तुम्ही नाही म्हटलंत तर धनपाल बसणार नाही.”

“बसंल. चारचौघांत भ्याला असं कुणी म्हणू नये म्हणून बसंल. वयच तसलं हाय.” बाहेर णमोकार दुसऱ्यांदा सुरू झाला होता. “त्रिशला, शांतू कसा गेला, तुला काय सांगितलंय लोकांनी?”

“तुम्ही ऐकलंतच की आत्ता. घाई नडली म्हणतात.”

“म्हणतात. मी म्हणू दिलं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काहिलीकडे बघून बोलत होते.

“दगड मागच्या बाजूला रचले हुते. वर गेल्यावर उतरवायला सोपं पडावं म्हणून. मीच रचायला लावले. हूक मी उचलला, एका हातानं. म्हटलं, शांतू, बघ कसा फुलासारखा आलाय. तो म्हणाला, आप्पा, लई हलका वाटतोय, थोडे दगड पुढं घेऊया का? मी म्हटलं, पोरकटपणा करू नको, ऊन व्हायला लागलंय, नीघ. दांड्याची खीळ मीच घातली. घाई त्याला न्हवती, त्रिशला.”

काहिलीच्या काठाला वाळलेल्या गुळाचा पापुद्रा चिकटलेला होता. मी तो नखानं काढत राहिले. सहा वर्षं मी ते ऐकत आले होते. लग्नकार्यात, विहिरीवर, बस्तीच्या पायऱ्यांवर. माणूस चांगला होता हो, पण घाईचा. माझी मुलगी शाळेतून एकदा रडत आली होती. कुणी तरी तिला म्हटलं होतं, तू बापासारखी धांदरट आहेस. तिला मी समजावलं होतं. काय समजावलं, ते आठवून माझीच मला लाज वाटली. मी तिला म्हटलं होतं, बाळ, तू सावकाशीनं वागत जा.

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी तोंड उघडलं न्हाई. मग लोकांनीच कारण ठरवून टाकलं. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “तू काय बोलायचं ते मला बोल. पण आधी—”

“आधी धनपालचं बघू,” मी म्हटलं.

बाहेर आले तेव्हा णमोकार संपला होता. धनपाल ट्रॅक्टर मागे घेत होता. दोघे जण दांडा उचलून धरून होते, आणि खरोखरच त्यांना काही जड जात नव्हतं. मी ट्रॅक्टर आणि दांडा यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

“अहो वहिनी!” धनपालनं घाईनं इंजिन बंद केलं. “मागं उभ्या राहताय, लागंल की!”

“आण्णा,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळात बारीक. मागची माणसं “काय म्हणतीय, काय म्हणतीय” करायला लागली आणि मग माझं ऐकू यावं म्हणून आपोआप गप्प झाली.

“आण्णा, माझ्या मालकांना त्या वळणावरून खाली आणलं, ते याच अंगणातून पुढं गेले. पाय पुढं करून गेले. तुम्ही खांदा दिला होता. आठवतंय ना?”

आण्णांचा हात आपल्या खांद्याकडे गेला.

“देवाचे पाय पुढं झाले तर देवाचं काही बिघडायचं नाही. त्यांनी सगळं सोडलंय, मान काय आणि अपमान काय. आपल्याच डोळ्यांना ते बरं दिसणार नाही. घटकाभर बरं नाही दिसलं तर चालेल मला. पण धनपालला या रस्त्यावरून पाय पुढं करून आणलेलं मी बघणार नाही. ट्रॉली अशीच जोडायची असेल तर मी इथून हलत नाही.”

“वहिनी, अहो—” धनपाल खाली उतरला.

“तू गप्प बस.” त्याला मी असं कधी बोलले नव्हते.

कोपऱ्यात चंद्राक्का बसल्या होत्या. गुडघे धरल्यामुळे त्यांना वर चढता येत नसे, म्हणून त्या खालीच थांबल्या होत्या. सगळ्यांहून थोरल्या, आण्णांनाही नावानं हाक मारणाऱ्या. त्या म्हणाल्या, “अरे अण्णागोंडा, आम्ही सगळ्या रोज जाऊन देवाचं काय धरतो? डोकं धरतो व्हय? पायच धरतो न्हवं! मग ते आधी आले तर चांगलंच की. फिरवा आणि चला. माझा घसा वाळलाय.”

आधी कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. उपाध्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला बांधलं आणि पुलीच्या साखळीला हात घातला. आण्णांनी एकदा टेकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग टोपी काढून खिशात ठेवली.

“साखळी सावकाश,” ते म्हणाले. “चेहऱ्यावरचं वस्त्र हलू देऊ नका.”

मूर्ती उचलायला, अधांतरी फिरवायला आणि परत गवतावर ठेवायला पुष्कळ वेळ गेला. सावल्या लांब झाल्या. काळ्या पायांची बोटं आता ट्रॅक्टरकडे होती. आण्णांनी स्वतः त्यावर एक शाल पांघरली. मग दांडा परत काट्यावर ठेवायला चौघे पुरेनात, आणखी दोघे लागले. धनपालनं कडी सरकवली. ती जात राहिली.

“पावणेतीन क्विंटल, आप्पा.”

“आता जोड,” मामा म्हणाले. पण खिळीला त्यांनी हात लावला नाही. ती धनपालनंच घातली, साखळी अडकवली, आणि एकवार बापाकडे पाहून वर बसला. मिरवणूक हलगीच्या तालावर अंगणातून बाहेर पडली. चंद्राक्काही कुणाच्या तरी खांद्याला धरून फाटकापर्यंत गेल्या.

अंगणात मी आणि मामा राहिलो. मध्ये तो काटा, ठोकळ्यांसकट.

“तू न्हाई गेलीस?”

“जाईन. तुम्ही चला बरोबर.”

“मी तिकडं जात न्हाई. ठाऊक हाय तुला.” शांतिनाथ गेल्यापासून ते टेकावर पाऊल टाकत नव्हते. लोक म्हणत, बिचाऱ्याला सोसत नाही. मीही तसंच समजत आले होते.

“आज सगळं गाव वर आहे, मामा. माझी मुलगी आहे. मला सांगितलंत ते त्यांना सांगा.”

“आज? आज गावाच्या आनंदाचा दिवस हाय.”

“पुन्हा इतकी माणसं एका जागी कधी भेटणार?”

“लोक काय म्हणतील?”

मला राग आला होता, आणि रागानं काही बोलायचं नाही एवढंच मी त्या घडीला सांभाळत होते. शेवटी इतकंच म्हटलं, “सहा वर्षं लोक माझ्या मालकांबद्दल जे म्हणताहेत, ते त्यांना ऐकू येत नाही. ते गेले. मला आणि पोरीला येतं.”

मामा खाली बघत म्हणाले, “मूर्ती सुखरूप वर पोचली की येतो. शब्द देतो.”

मग आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. तिथून ते वळण दिसतं. ट्रॅक्टर अगदी हळू चढत होता, माणसं दुतर्फा चालत होती. वळणाच्या अलीकडे तो थांबला. हलगीही थांबली. माझ्या शेजारी मामांचा श्वास ऐकू येईना. धनपालनं गिअर बदलला, धुराचा एक काळा लोट उठला, आणि पुढची चाकं वळली, मग मोठी चाकं, मग ट्रॉली. ती इकडेतिकडे हेलकावली नाही. ओढ धरून, जमिनीला चिकटून, ट्रॅक्टरमागून निघून गेली. थोड्या वेळानं बस्तीवरून जयजयकार ऐकू आला, आणि घंटा वाजायला लागली.

मामांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले.

“नको,” ते म्हणाले. “तू मागनं ये.”

ते फाटकातून बाहेर पडले. रस्त्यावर गुलालाचे सडे होते, ट्रॉलीच्या चाकांचे खोल, ताजे माग होते. त्या मागांच्या मधून ते चालत राहिले. वर माणसांचा गलका होता, कुणाचं खाली लक्ष नव्हतं. वळणापाशी पोहोचल्यावर ते थांबले. तिथं रस्त्याकडेला मोठमोठे दगड अजून पडलेले आहेत. पायऱ्यांसाठी ते पुन्हा कुणी उचलले नव्हते. मामांनी त्यातल्या एकावर हात ठेवला. मला वाटलं, आता बसतील, आणि बसले तर उठणार नाहीत. मी चार पावलं मागे थांबले.

मग त्यांनी काठी पुढे टेकवली आणि चढ चढायला सुरुवात केली.